बारा करंज्या आणि एक हजार विड्या

निर्मलच्या बाजारात उभे राहिले की एकाच भाजीवालीशी तीन भाषांत चाललेली घासाघीस ऐकू येते. कुणी तेलुगूत भाव विचारतो, कुणी उर्दूत तो पाडून मागतो आणि शेजारी उभी असलेली भैंशाकडची बाई 'एवढं महाग काऊन?' असे मराठीत विचारून मोकळी होते. हिशोब मात्र कुणाचाही चुकत नाही. आईच्या पदराला धरून उभी असलेली सात-आठ वर्षांची पोरगीसुद्धा सुटे पैसे बरोबर मोजून घेते. हीच पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत पाटीवर साधी वजाबाकी आली की गप्प बसते. बाजारात येणारे गणित वर्गात कुठे जाते, या कोड्याशी मी 31 वर्षे झुंजलो. उत्तर पूर्ण सापडले असे म्हणणार नाही. पण त्या वाटेवर मला गोष्टींची पुस्तके भेटली आणि त्यांनी जे दाखवले, ते इथे मांडावेसे वाटते.

आमचा मुलूख कसा आहे ते आधी सांगायला हवे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले; उलट तोवर नांदेड जिल्ह्यात असलेली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आंध्रात आली. कागदावर रेघ ओढली गेली, पण सोयरिकी, शेतशिवार आणि बोली रेघेच्या दोन्ही अंगांना तशाच राहिल्या. 2 जून 2014 रोजी तेलंगणा झाले. 11 ऑक्टोबर 2016 रोजी निर्मल हा वेगळा जिल्हा झाला, तरी म्हातारी माणसे अजून स्वतःला 'आदिलाबाद जिल्ह्याचे' म्हणवतात. या पट्ट्यातल्या एका खेड्यात, मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत, 1988 पासून 2019 पर्यंत मी शिकवले. घर निर्मलला, शाळा गोदावरीच्या अंगाला. एस.टी. म्हणा की आर.टी.सी. म्हणा, अर्धे आयुष्य त्या लाल बसमध्ये गेले.

पहिलीत येणारे आमचे लेकरू घरात मराठी बोलते, दुकानात तेलुगू. त्यामुळे त्याच्याजवळ आकड्यांचे दोन संच असतात. तेलुगूत वीस म्हणजे 'इरवै' आणि एकवीस म्हणजे 'इरवै ओकटि', वीस आणि एक. जसे बोलायचे तसेच लिहायचे: आधी दोन, मग एक. मराठीत आपण म्हणतो 'एकवीस'. तोंडातून आधी एक निघतो आणि हाताने लिहायचे मात्र आधी दोन. मग लेकरू ऐकल्याबरहुकूम आधी एक लिहिते, पुढे दोन लिहिते आणि एकवीसचे बारा होतात. आपण त्याच्या वहीवर लाल फुली मारतो. वास्तविक ते कानाशी प्रामाणिक राहिलेले असते.

2019 च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीत दिली गेली, तेव्हा पलीकडे महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. वर्तमानपत्रांत थट्टा झाली, विधानसभेत चर्चा झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांना गणित सोपे जावे म्हणून 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' अशी पुस्तके लिहिणाऱ्या या विदुषीला त्या दिवसांत बरेच काही ऐकून घ्यावे लागले. 2023 च्या जुलैत त्या गेल्या. तो वाद चालू असताना मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि निर्मलच्या ओट्यावर बसून पेपर वाचत मनाशी हसत होतो. ज्या रीतीवरून तिकडे भांडण पेटले होते, ती आमच्या लेकरांच्या तोंडात जन्मापासून होती! तेलुगूच्या शिडीने ती संख्येवर चढत आणि मराठी शब्दाने उतरत. 'एकवीस' टाकून द्या असे मी कधी म्हटले नाही. 'एकोणतीस' या शब्दात तर तीसमधून एक वजा करण्याचे अख्खे उदाहरण दडलेले आहे. तो शब्द फेकून देणे मला परवडणारे नव्हते.

आता पुस्तकांकडे वळतो. आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात 'चांदोबा'चे जुने अंक होते. तेलुगू 'चंदमामा' 1947 साली मद्रासहून निघाला, मराठी 'चांदोबा' 1952 पासून. आतली चित्रे बहुतेक तीच, गोष्टी त्याच, लिपी तेवढी वेगळी. गावात एका घरी तेलुगू अंक येत असे. मी दोन्ही शेजारी ठेवी. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम आणि त्याच्या मानेशी लोंबणारा वेताळ, हे शंकर या चित्रकाराचे चित्र दोन्हीकडे असे. लेकरे एका अंकात बोट ठेवून दुसऱ्यात वाचत. एकदा चौथीतल्या एका पोराने विचारले, "गुरुजी, वेताळ शेवटी प्रश्न विचारतो, ते गणितच झालं ना?" मी म्हटले, "कसं काय?" तर म्हणाला, "गोष्ट नीट ऐकली नाही तर उत्तर येत नाही. आणि येत असून सांगितलं नाही तर डोकं फुटतंय."

त्या पोराचे बोलणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. पाठ्यपुस्तकातले शाब्दिक उदाहरण ही खरे म्हणजे गोष्टच असते. पण तिच्यातली माणसे काढून घेतलेली असतात. 'रामूने 40 आंबे आणले, त्यांतले 15 नासले.' हा रामू कोण, त्याने आंबे कुठून आणले, नासले तेव्हा त्याला काय वाटले, याचा कुणाला पत्ता नसतो. त्यामुळे मुले शब्द वाचतच नाहीत. आकडे उचलतात आणि बेरीज करू की वजाबाकी, एवढेच विचारतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे 1979-80 च्या सुमारास काही शिक्षकांनी दुसरी-तिसरीच्या मुलांना एक प्रश्न घातला: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? 97 मुलांपैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांचीच मोडजोड करून वय सांगून टाकले. हे वाचल्यावर मी आमच्या वर्गात तोच प्रश्न मेंढपाळ घालून विचारला. निम्म्याहून अधिक हातांनी पाट्या वर केल्या, 36 लिहून. तेव्हा हा रोग फ्रान्सचा नाही आणि आमच्या खेड्याचाही नाही. शब्दांशिवाय आकडे शिकवले की तो कुठेही होतो.

पुढे माझी एक पुतणी अमेरिकेहून सुटीवर आली. तिने तिच्या मुलांची वापरलेली काही पुस्तके माझ्यासाठी आणली. त्यात पॅट हचिन्स या बाईंचे 1986 सालचे एक पुस्तक होते. आईने 12 बिस्किटे केली आहेत. दोन भावंडे वाटून घ्यायला बसतात, तोच दारावरची घंटा वाजते आणि दोन मित्र येतात. पुन्हा वाटणी. पुन्हा घंटा. एवढीच गोष्ट. आमच्या गावात कुणाच्या दाराला घंटा नाही आणि भट्टीतली बिस्किटे कुणी घरी करीत नाही. दिवाळी तोंडावर होती. मी बिस्किटांच्या करंज्या केल्या, घंटेची कडी केली आणि गोष्ट वर्गात सांगायला घेतली.

बारा करंज्या म्हणून बारा खडे मध्ये ठेवले. दोन लेकरे बसवली, सहा-सहा झाले. कडी वाजली, आणखी दोघे आले, चौघांत तीन-तीन. पुन्हा कडी, पुन्हा दोघे. सहा जणांत दोन-दोन. मग दणादणा कडी वाजली आणि सहा जण एकदम घुसले. बारा जण, एकेक करंजी. सगळ्यांनी आपापला खडा मुठीत घट्ट धरला. आणि मी पुन्हा फळीवर कडी वाजवली. वर्ग चिडीचूप. एक पोरगा ओरडला, "दार उघडायचंच नाही!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "आजी आली असंल, करंज्या घिऊन." मूळ पुस्तकात नेमके तेच आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. मागच्या ओळीत एक मुलगी बसे. गणिताच्या तासाला ती कधी तोंड उघडत नसे. ती हळूच म्हणाली, "बारा आले तरी होतंय की. निम्मी निम्मी."

चौथीच्या पुस्तकात अपूर्णांकाचे प्रकरण अजून दोन महिन्यांवर होते. त्या दिवशी ते आपल्या पायांनी चालत वर्गात आले. मी विचारले, "आणि बाराऐवजी एकच जण आला तर?" बरीच खळखळ झाली. शेवटी त्याच मुलीने सांगितले, "परतेकानं आपल्यातला एक तुकडा मोडून द्यायचा." केवढा तुकडा, हे तिला सांगता आले नाही. तेराव्या हिश्शाएवढा दिला की सगळ्यांना सारखे मिळते. पण ते फळ्यावर लिहून दाखवण्याचा मोह मी त्या दिवशी आवरला. पंगतीला ऐनवेळी पाहुणा आला की आपल्या ताटातले काढून द्यायची रीत लेकरांच्या अंगात होती आणि गणित त्या रीतीतूनच निघाले होते. तेवढे त्या दिवसाला पुरे होते.

पुतणीने आणलेल्या पुस्तकांत मित्सुमासा आन्नो या जपानी चित्रकाराचे 1975 सालचे अंकांचे पुस्तकही होते. त्यात गोष्टीचा एक शब्द नाही. पहिल्या चित्रात बर्फाने झाकलेला मोकळा मुलूख. तिथे काहीच नाही, म्हणजे शून्य. मग पानोपानी एक गाव वसत जाते आणि वर्षाचे महिने फिरत फिरत बारापर्यंत येतात. आमच्या लेकरांनी बर्फ पाहिलेले नाही. पण कापूस निघून गेलेले वैशाखातले रिकामे रान त्यांनी पाहिले होते. "गुरुजी, शून्य म्हणजे उन्हाळ्यातलं वावर," एकाने सांगितले. मग आम्ही आमच्या गावाचे तसेच पुस्तक केले: रिकामे वावर, एक विहीर, दोन बैल, तीन चुलीचे दगड, असे बारापर्यंत. खाली आकडे, एका बाजूला मराठी नाव, दुसऱ्या बाजूला तेलुगू. तेलुगू अक्षरे लिहायला गावातले एक दुकानदार येऊन बसले. त्यांचा नातू त्याच वर्गात होता.

निर्मलचे लाकडी खेळणे ठाऊक नाही असा माणूस या भागात विरळा. पोनिकी नावाच्या झाडाचे हलके लाकूड, चिंचोक्यांची खळ आणि भुसा यांची लांबी आणि वर रंगाचा हात. आंबा, पेरू, सीताफळ इतके हुबेहूब की नवखा माणूस चावायला जातो. एरिक कार्ल यांच्या 1969 सालच्या प्रसिद्ध पुस्तकातली अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती आणि अशी शुक्रवारी पाच संत्र्यांपर्यंत जाते. मी त्या फळांच्या जागी ही लाकडी फळे मांडली. पाच दिवसांत किती, तर पंधरा. पण लेकरे भलत्याच गोष्टीवर अडली. लाकडी पपई हातात घेऊन एकजण म्हणाला, "ही एवढी मोठी आणि खऱ्या आंब्याहून हलकी कशी?" आकार वेगळा आणि वजन वेगळे, हे मी एरवी व्याख्या सांगून शिकवले असते. तिथे ते त्यांनी तळहातावर शिकून घेतले आणि किराणा दुकानातून तराजू आणवून माझ्याकडून खात्रीही करून घेतली.

हे सगळे चालले असताना गावात कुजबूज सुरू झालीच. "मास्तर गणिताच्या तासाला कहाण्या सांगतात." एक आजोबा काठी टेकत शाळेत आले. निजामाच्या राजवटीत त्यांचे चार इयत्ता शिक्षण झाले होते. त्यांनी मला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी सगळी म्हणून दाखवली. औट म्हणजे साडेतीन. "एक औट साडेतीन, दोन औट सात..." वयाच्या सत्तरीत एकही ठेच नाही. "हे तुमच्या पोरांना येतं का?" त्यांनी विचारले. मी त्यांना खुर्ची दिली आणि रोज शेवटची दहा मिनिटे निमकी-पावकी घ्यायची विनंती केली. ते पुढे दोन वर्षे येत राहिले. पाठांतर आणि गोष्ट यांत मला कधी वैर दिसले नाही. अंकलिपी हे तर आपले पहिले बालपुस्तक. त्यात अक्षरे, चित्रे आणि पाढे एकाच मुखपृष्ठाच्या आत नांदतात. पाढा हे हत्यार आहे, ते धारदार पाहिजेच. ते कुठे चालवायचे, हे मात्र पाढा सांगत नाही.

आणि गोष्टीतून गणित ही काही विलायती टूम नव्हे. भास्कराचार्यांची 'लीलावती' 1150 सालची. तिच्यात भुंगे आहेत, हंस आहेत. त्यांच्या मुलीच्या लग्नाची आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची जी कथा आपण ऐकतो, ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 साली केलेल्या फारसी भाषांतरातून आली. चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. त्याचा 1207 सालचा शिलालेख आहे. पाठशाळेत शिकवायच्या गणितालाही या माणसाने फुलांचा वास ठेवला. भुंग्यांचे कोडे मी आमच्या बोलीत सांगितले: थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्या फुलावर, या दोन हिश्शांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या झाडावर, आणि एक भुंगा वासाच्या ओढीने मध्येच भिरभिरत राहिला, तर थवा केवढा? बीजगणित कुणालाच येत नव्हते. चिंचोके होते. तीन आणि पाच दोन्हींनी वाटता आली पाहिजे अशी संख्या हवी, हे त्यांनी ताडले आणि पंधरा चिंचोके मांडले. तीन गेले, पाच गेले, फरक दोन, त्याची तिप्पट सहा; झाले चौदा. उरला एक. त्या एका चिंचोक्याला वर्गाने टाळ्या वाजवल्या.

आता त्या मागच्या ओळीतल्या मुलीची हकीकत सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

तिची आई विड्या वळायची. निर्मल, निजामाबादकडे हजारो बायांचे पोट या धंद्यावर आहे. तेंदूची पाने आणि तंबाखू ठेकेदाराकडून आणायची, घरी वळायच्या, पंचवीस विड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे म्हणजे हजार. मजुरी हजारावर. ती मुलगी शाळेतून गेली की कट्टे बांधू लागे. तेव्हा पंचवीसचा पाढा तिच्या बोटांत होता, वहीत तेवढा नव्हता.

त्या वर्षी मी दाण्यांची गोष्ट सांगितली. राजाच्या कोठारात धान्य सडते आहे, रयत उपाशी आहे आणि एक हुशार मुलगी बक्षीस म्हणून पहिल्या दिवशी तांदळाचा एक दाणा मागते, दुसऱ्या दिवशी दोन, मग चार, असे रोज दुप्पट, तीस दिवस. डेमी या लेखिकेने 1997 साली या गोष्टीचे सुंदर पुस्तक केले आहे. आमच्याकडे बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची म्हणून ती आजीआजोबांच्या तोंडी होतीच. चिंचोके मांडत आम्ही सातव्या दिवसापर्यंत पोचलो, चौसष्ट. आणि डबा संपला. पुढचे फळ्यावर. दिवस, त्या दिवसाचे दाणे, एकूण दाणे, अशा तीन उभ्या ओळी आखल्या. एका पोराच्या ध्यानात आले की एकूण दाणे नेहमी दुसऱ्या दिवशीच्या दाण्यांपेक्षा एकाने कमी: तीन, सात, पंधरा, एकतीस. "एकोण!" तो ओरडला. एकोणतीस, एकोणचाळीसमधला तो 'एकोण' त्याने स्वतः हुडकून काढला होता. तिसाव्या दिवसाचे दाणे 53,68,70,912 होतात आणि सगळे मिळून 1,07,37,41,823, हे मी सांगितले तेव्हा वर्गाने नुसता आ वासला.

चार-पाच दिवसांनी ती मुलगी वहीचे एक पान घेऊन आली. तिने तशाच तीन ओळी आखल्या होत्या. पण त्यात दाणे नव्हते. ठेकेदाराचा माणूस रोज चाळीस कट्ट्यांतले दोन कट्टे 'छाट' म्हणून बाजूला काढी. वळण नीट नाही, पान फाटले, असे काहीतरी कारण. त्या विड्यांची मजुरी मिळत नसे आणि त्या विड्याही परत मिळत नसत. दोन कट्टे म्हणजे काय मोठे, असे घरात सगळेच म्हणत. मुलीने रोजचे दोन, आठवड्याचे सहा दिवस, असे चार आठवडे खाली खाली लिहीत नेले होते. एकूण अठ्ठेचाळीस कट्टे. बाराशे विड्या. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते: 'आई महिन्यातून एक दिवस आणि वर आठ कट्टे फुकट काम करते.'

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतके चोख शाब्दिक उदाहरण कुणी लिहिले नव्हते, आणि यातली माणसे कुणी काढून घेतलेली नव्हती.

तिच्या आईने ते पान पदरात बांधून नेले. तिला वाचता येत नव्हते, पण आकडे ओळखत होती. त्या माणसाने आधी हसून घालवले. मग गल्लीतल्या आणखी बाया उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे एवढेच की छाट आमच्यासमोर काढा आणि काढलेली परत द्या. मोठा लढा वगैरे झाला नाही. छाट दोनाची एक झाली, तीही समोर मोजून. एवढेच. पण घरी निराळेच वळण लागले. बाप म्हणाला, "पोरीला हिशोब आला. आता आणखी शाळा कशाला?" मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. मला बोलायची वेळच आली नाही. आई विडीच्या सुपावरून मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, मले हिशोब येत नव्हता म्हणून एवढी वर्षं गेलं. तिला येतंय तर अजून येऊ द्या." मुलगी चौथीनंतर शाळेत राहिली. दहावी झाली. आज ती सासरी, निर्मलपासून तासाभराच्या अंतरावर, बायकांच्या बचतगटाच्या वह्या लिहिते.

गोष्टीमुळेच हे झाले असा माझा दावा नाही. तिची आई नसती तर पान वहीतच राहिले असते. पण रोजचे थोडे थोडे खाली खाली लिहीत गेले की त्याचे काय होते, हे दाखवायला ती तांदळाची गोष्ट नसती तर पान लिहिलेच गेले नसते, एवढे मी म्हणू शकतो. त्या कथेतली मुलगी राजाकडून रयतेचे धान्य परत घेते. ही बाब आमच्या मुलीने, माझ्याशी एक शब्द न बोलता, बरोबर उचलली होती.

नव्या शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. आकडे असलेले प्रत्येक पुस्तक या कामाचे नसते. पानोपानी 'मोजा पाहू, किती?' असे दटावणारी पुस्तके मुले दोन दिवसांत टाकतात. आधी गोष्ट चांगली पाहिजे, इतकी की गणित काढून घेतले तरी ती ऐकावीशी वाटावी. आणि पहिल्या वाचनात प्रश्न विचारू नयेत. एकदा नुसती ऐकू द्यावी. दुसऱ्यांदा लेकरे आपण होऊन थांबवतात, 'गुरुजी, पण मग...' असे म्हणून. तिथे खडू हातात घ्यावा.

पुस्तके मिळत नाहीत ही तक्रार माझ्या उमेदीच्या काळात खरी होती. भैंसा, भोकर करीत नांदेडला जायचे, 'किशोर'चे अंक आणि नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तके पिशवीत भरून आणायची. आता 'प्रथम बुक्स'ने 2015 पासून स्टोरीविव्हर नावाचे दालन उघडले आहे. मोबाइलवर मराठी आणि तेलुगू दोन्हीत चित्रगोष्टी फुकट वाचता येतात. जुन्या चांदोबा-चंदमामासारख्या त्या शेजारी शेजारी ठेवता येतात. तंटा निराळाच आहे. 2022-23 पासून तेलंगणात सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आले. आमच्या शाळेतला मराठी पट मी होतो तेव्हाच उतरणीला लागला होता. मोजायला तेलुगू, बोलायला मराठी आणि लिहायला इंग्रजी अशी लेकरे आता वर्गात बसतात. त्यांना तीन भाषांचे ओझे होते म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला वाटते, गोष्ट एकच ठेवावी आणि ती तिन्ही भाषांत सांगावी. करंजी कुठल्याही भाषेत मोडली तरी निम्मी निम्मीच होते.

निवृत्तीच्या दिवशी मी पुस्तकांची पेटी नव्या गुरुजींच्या स्वाधीन केली. यादीत 112 पुस्तके होती, पेटीत 97 भरली. ते चिंतेने म्हणाले, "सर, पंधरा कमी आहेत. काय लिहू?" मी म्हटले, "लेकरांच्या घरी आहेत म्हणून लिहा." त्यांनी रजिस्टरात तसेच लिहिले आणि मी खाली सही केली.